कुंडीतली चांदी

आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. कधी चौथ्या दिवशी येतं, कधी सहाव्या, पण हिशोब पाचाचा धरायचा. त्यामुळे घरातली बरीचशी कामं वारावर नसून पाण्यावर असतात. चादरी पाण्याच्या दिवशी धुवायच्या, पाहुण्यांना शक्यतो पाण्याच्या दुसऱ्या दिवशी बोलवायचं, आणि पाणी सुटलं की घरातलं प्रत्येक भांडं रिकामं करून, घासून, पुन्हा भरायचं. हे शेवटचं काम माझ्या आईचं. तिचं वय चौऱ्याहत्तर आहे, अक्कलकोटच्या बाजूची आहे, आणि जुळे सोलापुरात येऊन बावीस वर्षं झाली तरी शिळं पाणी आणि ताजं पाणी एका भांड्यात मिसळलेलं तिला चालत नाही.

मी टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतो. इंचात आडवे धागे किती, उभे किती, चौरस मीटरला वजन किती, हे भिंगातून मोजायचं आणि वहीत लिहायचं. सव्वीस वर्षं हेच काम केल्यामुळे घरीही मला मोजायची सवय आहे. गॅसची टाकी किती दिवस पुरली, हौद किती इंच उतरला, हे मी लिहून ठेवतो. बायको म्हणते, माझ्याशी भांडायचं असेल तर आधी आकडे गोळा करावे लागतात.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी आमच्या मुलीचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण झालं आणि ती पहिल्या बाळंतपणासाठी टेंभुर्णीहून माहेरी आली. डॉक्टरीणबाईंनी तपासणी झाल्यावर दोन-चार गोष्टी सांगितल्या. त्यातली एक पाण्याची होती. "साठवलेलं पाणी तसंच देऊ नका. उकळून द्या. या दिवसांत कावीळ झाली तर ती साधी कावीळ राहत नाही, आईच्या जिवावर बेतू शकतं." हे त्यांनी मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं. घरातली जबाबदारीची माणसं कोण हे डॉक्टरांना बरोबर कळतं.

बायको दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळायला लागली. मुलीला ते आवडेना. "आई, याला धुराची चव येते," म्हणायची, आणि घोटभर पिऊन पेला ठेवून द्यायची. ती पाणी कमी पिते हे माझ्या लक्षात आलं. मी पेले मोजत होतो.

त्याच सुमारास मी एका प्रदर्शनात मातीची कुंडी पाहिली. दिसायला झाडं लावतात तसली, फक्त तळाला भोक नसलेली. माती आणि भाताचं तूस कालवून भाजलेली. तूस जळून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं. वर कुंडीला आतून-बाहेरून चांदीचं पाणी दिलेलं. चांदीचे कण इतके बारीक की ते पाण्यात तळाला न बसता तरंगत राहतात. ते मातीत शिरून बसतात आणि झिरपताना जंतू मारतात, असं तिथल्या माणसानं समजावून सांगितलं. कुंडी नळ लावलेल्या एका झाकणाच्या बादलीवर बसवायची, वरून पाणी ओतायचं, खालून प्यायचं. वीज नको, गॅस नको. मला ती वस्तू पटली. चांदीचं नाणं पाण्यात टाकून ठेवायची रीत आमच्या घरात होतीच; आईच्या माठात तिच्या लग्नातला एक रुपया कितीतरी वर्षं पडून होता. त्या रुपयाचा उपयोग किती होत असेल याची मला शंकाच होती, पण इथं त्याच कल्पनेला मोजमाप होतं.

घरी आणल्यावर मी सगळ्यांना समोर बसवून कुंडी दाखवली. आतल्या बाजूला करडी झाक होती. आईनं बोट फिरवलं.

"ह्ये काय लागलंय?"

"ती चांदी आहे."

"खरीखुरी चांदी?"

"खरीखुरी. हिच्यामुळंच पाणी शुद्ध होतं. या कुंडीत सगळ्यात महत्त्वाची हीच."

"अय्यो," आई म्हणाली आणि बोट पदराला पुसलं. देवाच्या वस्तूला चुकून हात लागल्यासारखं.

एवढंच मी बोललो होतो. पुढं जे झालं त्याचं मूळ या चार वाक्यांत आहे, हे कळायला मला दोन महिने लागले.

कुंडीसोबत एक घडीचा कागद होता. त्यात लिहिलं होतं, तुडुंब भरलेल्या कुंडीतून तासाला एक ते अडीच लिटर पाणी यायला हवं. मी दुधाचं लिटरचं माप घेतलं आणि पहिल्या रविवारी मोजलं. एक लिटर आठशे. दुसऱ्या रविवारी एक लिटर सातशे. माझी भीती ही, की गाळ बसून छिद्रं बुजतील आणि पाणी येईनासं होईल. आमच्या हौदात गाळ असतोच. म्हणून कागदातली "पाणी कमी आल्यास" ही ओळ मी नीट वाचून ठेवली होती: मऊ ब्रशनं हलकेच पुसावं, साबण लावू नये.

तिसऱ्या रविवारी एक लिटर नऊशे. चौथ्या रविवारी दोन लिटर शंभर. मला बरं वाटलं. नवी वस्तू थोडी वापरात आली की मोकळी होते, असं मी बायकोला सांगितलं. आकडे मी स्वयंपाकघराच्या दारामागं कॅलेंडरवर लिहीत होतो. पाचव्या रविवारी दोन लिटर चारशे.

त्याच रविवारी मी बायकोला म्हणालो, "आता उकळणं बंद कर. पोरीला ते पाणी आवडत नाही, ती कमी पिते. कुंडीचं दे."

"डॉक्टरीणबाईंनी उकळून सांगितलंय."

"त्यांना या कुंडीचं माहीत नसेल. आणि बघ, किती छान चालली आहे." मी कॅलेंडर दाखवलं.

बायकोनं कॅलेंडरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगताय म्हणून," म्हणाली.

मुलगी खूश झाली. मातीचा गारवा, मातीचा वास. दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी पोटात जायला लागलं. सहाव्या रविवारी कुंडीनं दोन लिटर आठशे दिलं, सातव्या रविवारी तीन लिटर दोनशे. मी तो शेवटचा आकडा लिहून त्याच्याभोवती गोल काढला होता. ते कॅलेंडर मी अजून ठेवलंय.

त्यानंतरच्या गुरुवारी मागच्या ओळीतल्या बंगल्यातले एक गृहस्थ काविळीनं दवाखान्यात दाखल झाल्याचं बायको सांगत आली. मुलगी तेव्हा बाहेरच्या खोलीत पाय लांब करून बसली होती. बायको तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात एवढंच म्हणाली, "अहो, आपलं पाणी नक्की बरोबर आहे ना?"

"बघतो," म्हणालो आणि तो घडीचा कागद काढला. "पाणी कमी आल्यास" या ओळीच्या खालीच दुसरी ओळ होती. "तासाला अडीच लिटरपेक्षा जास्त पाणी आल्यास कुंडी वापरू नये. तडा गेला असण्याची शक्यता असते."

ती ओळ मी आधी वाचली नव्हती असं नाही. वाचली होती. पण जास्त पाणी येणं ही तक्रार असू शकते, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. कारखान्यात मी टॉवेल उजेडापुढं धरतो. विणीतून उजेड जास्त आला तर तो माल मी नापास करतो. धागे कमी पडलेत हे भिंग न लावताही कळतं. घरी मात्र पाणी जास्त आलं म्हणून मी गोल काढत बसलो.

मी कुंडी उचलली, रिकामी केली, आत बॅटरी मारून पाहिली. काही दिसेना. एवढं मात्र दिसलं की आतली करडी झाक जवळजवळ गेली होती. आतून ती विटेसारखी लाल, गुळगुळीत, स्वच्छ झाली होती. आई ओट्यापाशी उभी होती.

"दे हिकडं," म्हणाली. कुंडी एका हातावर तोलून तिनं दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं वाजवली. माठ घेताना बायका वाजवतात तशी. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा बुडाशी. बुडाशी आवाज बद्द आला.

"फुटलंय की ह्ये," ती म्हणाली. "खाली बारीक चीर आसंल."

सात आठवडे मी घड्याळ लावून मोजत होतो. तिला तीन टिचक्या पुरल्या.

"मग आधी का नाही वाजवून बघितलंस?"

"तू मोजत होतास की."

मी विचारलं, आतली चांदी कुठं गेली? तिनं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे हे तिला माहीतच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात कुंडी आतून काळपट दिसायला लागली. चांदी काळी पडते, हे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे देवाची चांदी रांगोळीनं घासतात, कोरडी रांगोळी, नारळाची शेंडी, आणि जोर. तेव्हा पाण्याचा दिवस आला की बाकीच्या भांड्यांबरोबर तिनं कुंडीही रांगोळीनं घासली होती. दर पाण्याला. "काळी चांदी कशी ठेवायची? पोटुशी पोर पिती त्यातलं." आणि मीच सांगितलं होतं की यात सगळ्यात महत्त्वाची चांदीच आहे. महत्त्वाची वस्तू आहे म्हणूनच ती जास्त जोरानं घासत होती.

त्या वेळी मला एवढं सगळं कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी ओरडलो. "तुला कुणी हात लावायला सांगितलं होतं? तू घासून घासून वाट लावलीस! पोरीच्या जिवाशी खेळ झाला!" असं म्हणालो. शब्द मी इथं बदललेले नाहीत. आईनं कुंडी हळूच ओट्यावर ठेवली आणि तिच्या खोलीत जाऊन बसली.

बाहेरच्या खोलीतून मुलीनं विचारलं, "काय झालं बाबा?"

मी कागदावर आकडा मांडला. उकळणं बंद केलं त्याला, तो रविवार धरून, एकोणीस दिवस झाले होते. दिवसाला तीन लिटर धरले तर सत्तावन्न लिटर. ते मांडून झाल्यावर कळलं की या आकड्याचं मला काहीच करता येणार नाही. तो कमी असता तरी तेवढाच वाईट असता. मग मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं. कुंडीला तडा होता, निदान तीन आठवडे तरी ती बिघडलेली असावी, आणि उकळणं मी बंद करायला लावलं.

तिचा एक हात पोटावर होता. "तुम्ही मोजत होतात ना?"

"मोजत होतो."

"मग?"

मी म्हणालो, "चुकीचं मोजत होतो." पाणी किती येतं ते मी मोजत होतो. पाण्यात काय येतं, ते मोजायची सोय माझ्याकडे नव्हती. आणि जे मोजता येत होतं तेच महत्त्वाचं असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांना मी सगळं क्रमानं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं मला जास्तच वाईट वाटलं. म्हणाल्या, "अहो, कुंडी चांगली असती तरी मी या बाईला उकळूनच प्यायला सांगितलं असतं. काविळीचे विषाणू फार बारीक असतात. अशा कुंडीतून ते सगळे अडतीलच असं कुणी सांगू शकत नाही." म्हणजे तडा हा माझा दुसरा दोष होता. पहिला दोष कुंडी नवी होती तेव्हाचाच. रक्त तपासलं, ठीक निघालं. "पण आज ठीक आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. अंगात गेलं असेल तर दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. लघवी पिवळी, अन्नावरची वासना जाणं, मळमळ, काही झालं तरी लगेच या." मी तारीख मोजली. बाळंतपण त्याच आठवड्यांत येत होतं.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची बहीण गावात आरोग्यसेविका आहे. तिच्याकडून पाणी तपासायच्या दोन लहान बाटल्या मिळाल्या. पाणी भरून ठेवायचं. पाण्यात मैल्याचा अंश असेल तर बाटली काळी पडते. एकीत हौदाचं पाणी भरलं, दुसरीत कुंडीतून आलेलं. दोन्हींवर वेळ लिहून त्या मी फ्रिजवर ठेवल्या. हौदाची दुसऱ्या दिवशी सकाळी काळी झाली. कुंडीची त्याच दिवशी संध्याकाळी. जेमतेम नऊ-दहा तासांचा फरक. आमची कुंडी तेवढंच काम करत होती.

आई दोन्ही बाटल्या बघून गेली. त्यानंतर तिनं पाण्याच्या भांड्यांना हात लावणं सोडलं. पाण्याच्या दिवशी ती आपल्या खोलीत बसून राहायची. बायको म्हणायची, "आत्या, तेवढा माठ घासून देता का?" आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आई म्हणायची, "नगं बाई. माझ्या हातानं काय तरी व्हायचं." तिचा रुपया तिनं माठातून काढून डब्यात टाकला होता. मी एकदा गेलो, म्हणालो, चूक माझी होती. ती म्हणाली, "व्हय, पर घासलं मी." तिला दिलासा नको होता, तिला काय खरं ते हवं होतं, आणि ते तिला आधीच माहीत होतं.

पुढचे आठवडे आम्ही सगळे मुलीच्या डोळ्यांकडे बघत होतो. रोज सकाळी, उन्हात, पांढरं पांढरंच आहे ना म्हणून. तिलाही ते कळायचं. एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, मला आरशात बघू द्या आधी, मग तुम्ही बघा." पाणी ती आता तिच्या आईकडेच मागायची, माझ्याकडे नाही. तेवढं मी समजून घेतलं. मी फक्त उकळायचं काम घेतलं होतं. उकळी फुटल्यावर तीन मिनिटं, झाकण ठेवून निववायचं, चव यावी म्हणून एका पातेल्यातून दुसऱ्यात दोनदा ओतायचं. धुराची चव आली तरी ती आता तक्रार करत नव्हती. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

कावीळ झाली नाही. का झाली नाही ते मी सांगू शकत नाही. कदाचित त्या पाण्यात काविळीचं काही नव्हतंच, कदाचित होतं आणि नशीब होतं. नातवंड एप्रिलच्या उन्हात झालं, पावणेतीन किलोची मुलगी, रडण्याचा आवाज तिच्या आजीसारखा. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोळ्यांकडेही उजेडात बघितलं आणि "छान आहे" म्हणाल्या. माझ्या आयुष्यात मी तपासलेल्या कुठल्याही मालाला इतक्या थोडक्यात पास केलेलं नाही.

कुंडी मी टाकून दिली नाही. तिच्यात कोरफड लावली. आता खाली भोक पाडायची गरज नव्हती, ते होतंच.

दिवाळीच्या सुमारास बाळाचं उष्टावण ठरलं. आजोळकडून चांदीची वाटी-चमचा द्यायचा असतो. नवी घेण्याऐवजी आईनं तिच्या डब्यातून जुनी वाटी काढली, मुलीच्या उष्टावणाचीच. काळी पडली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी आई ती वाटी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी गॅसपाशी होतो.

"घासू का?" तिनं विचारलं.

स्वतःच्या स्वयंपाकघरात तिनं कुणाला काही विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या ओरडण्यानं तिचं काय गेलं होतं ते त्या दोन शब्दांत कळलं. मी म्हणालो, "घास की. ती घासायचीच असते. चांगली जोरानं."

तिनं रांगोळी घेतली. शेंडी घेतली. बराच वेळ घासत राहिली. कोपरापर्यंत हात हलत होते. मग वाटी उजेडाला धरली, बोटाच्या पेरानं वाजवली, आणि तो बारीक, लांब आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. वाटीला तडा जात नाही हे तिला माहीत होतंच.

"आता उकळत्या पाण्यानं धुवू की," ती म्हणाली. "किती येळ उकळायचं म्हणतात?"

"उकळी फुटल्यावर तीन मिनिटं."

"मग मोज. बडबडू नको मधी."

मी घड्याळ काढून तिच्या शेजारी उभा राहिलो. पातेल्याला उकळी फुटली तेव्हा तिनंच सांगितलं, "आता."